तिसरा पोरगा

शाळेच्या समूहगीतात बाईंनी मला शेवटच्या रांगेत उभं केलं आणि कानात सांगितलं, "तू नुसते ओठ हलव हं." ती आज्ञा मी पुढची पस्तीस वर्षं निष्ठेने पाळली. अगदी आरतीतसुद्धा. टाळ्यासुद्धा मी शेजारच्याचे हात बघून वाजवतो. त्यामुळे माझी टाळी किंचित मागून पडते आणि दहा बाय दहाच्या खोलीत प्रतिध्वनी आल्याचा भास होतो.

अशा माणसाच्या हातात मेहुण्याने निन्टेंडो डीएस, म्हणजे हातात धरून खेळायचा दोन पडद्यांचा व्हिडिओ गेम, ठेवला. अमेरिकेतलं घर आवरताना त्याला तो सापडला होता. आत 'रिदम हेवन' नावाचा तालावर खेळायचा खेळ. "दाजी, एकदम सोपा आहे. बटणंसुद्धा दाबायची नाहीत."

बटणं खरोखरच लागत नाहीत. यंत्र पुस्तकासारखं उभं धरायचं, डावीकडे चित्र बघायचं आणि उजव्या पडद्यावर प्लास्टिकच्या काडीने टेकवायचं, उचलायचं किंवा झटका द्यायचा. बस्स. २००८ साली जपानात आलेल्या या खेळाचं संगीत त्सुंकू यांच्या देखरेखीखाली झालंय. 'मॉर्निंग मुसुमे' हा तिकडचा मुलींचा गाजलेला गायनसंच घडवणारे ते हेच. चित्रं इतकी गोड, की आपला अपमान होतोय हे उशिरा कळतं.

आत एकामागून एक छोटे छोटे खेळ. पहिला कसाबसा सुटला. दुसऱ्यात मात्र तीन गोल डोक्याची पोरं समूहगान करायला उभी! त्यातला तिसरा पोरगा म्हणजे मी. बघताक्षणी पोटात गोळा आला.

इथला नियम फार खवचट आहे. काडी पडद्यावर टेकवलेली असेपर्यंत पोरगा गप्प. उचलली की गायला लागतो, आणि पुन्हा टेकवेपर्यंत थांबतच नाही. म्हणजे गप्प बसायलाच मेहनत! पहिला गातो, दुसरा गातो, मग मी. मी उचलतो तेव्हा माझी वेळ होऊन गेलेली असते. टेकवतो तेव्हा बाकीचे दोघे केव्हाच थांबलेले असतात. मग ते दोघे मान वळवून माझ्याकडे बघतात. ओरडत नाहीत, नुसते बघतात. बाई निदान प्रेमाने बोलल्या होत्या.

शेवटी सगळ्यांनी मिळून एक जोरदार आरोळी ठोकायची असते, तिच्यासाठी काडीचा झटका. मी भिंतीवरची पाल हाकलावी तसा झटका दिला. काडी सोफ्याखाली गेली. ती शोधायला मी पालथा पडलो, तेवढ्यात दाराची बेल वाजली. दूधवाल्याचा हिशेब करून परत आलो तर सोफ्यावरून एकाच पोराचा अखंड 'आ' ऐकू येत होता. काडी टेकवणारं कुणी नव्हतं ना!

आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. ती भजनी मंडळात टाळ धरते. पडदा बघायची तिला गरज नाही.

"अरे, त्या तिघांतला एक उशिरा येतोय बघ."

"तो मीच आहे, आई."

"ते कळलंच. मोजू नकोस, ऐक."

मी ऐकलं. मग ऐकत बसलो आणि काडी उचलायचीच राहिली.

तिसऱ्यांदा नापास झाल्यावर खेळातल्या कॅफेत गेलो. तिथला मालक मोठा दयाळू. जमत नसेल तर हा खेळ सोडून पुढे जा, म्हणाला. दहावीच्या गणितात मिळालेल्या कृपागुणांनंतर इतकं हलकं प्रथमच वाटलं. मी लगेच होकार दिला. पुढच्या खेळात यंत्रमानवांत इंधन भरलं, त्यानंतर माकडांच्या गर्दीत बसून एका गायिकेसाठी टाळ्या वाजवल्या. माकडंही चुकलं की रोखून बघतात, पण माकडांचं मी मनावर घेत नाही. दोन्ही खेळांत पास! आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी 'हा!' केलं.

आता पाचवा. इथे चार खेळ झाले की पाचव्यात त्या चारांची भेळ करून देतात, हे मेहुण्याने सांगितलं नव्हतं. सुरुवातीला झकास चाल लागली, मी मान डोलवायला लागलो, आणि डावीकडचं चित्र बदललं.

तीन गोल डोकी. दोघं आधीच गायला लागली होती.

आतून आईचा आवाज आला, "उचल!"