केनियातल्या आयांना दोष देण्याआधी

आफ्रिकेच्या लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्याकडे हमखास ऐकू येतं, 'स्वातंत्र्य मिळालं आणि नुसती पोरं काढत बसले.' मला याचा संताप येतो. केनियाचंच बघा.

12 डिसेंबर 1963 ला केनिया स्वतंत्र झाला. आदल्या वर्षीच्या जनगणनेत लोकसंख्या होती 86 लाख. 1989 मध्ये ती 2 कोटी 14 लाखांवर गेली. सत्तावीस वर्षांत अडीचपट! घरात मुलं पूर्वीही पुष्कळ व्हायची. नंतर जन्मदर थोडा चढलाही. पण मोठा फरक पडला तो मरणात. 1960च्या सुमारास हजारातली दोनशेच्या आसपास मुलं पाच वर्षांची व्हायच्या आत दगावत होती. पुढच्या वीस वर्षांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. लेकरं जगू लागली म्हणून देश वाढला. याला बेजबाबदारपणा कसं म्हणायचं?

सरकार झोपलं होतं असंही नाही. 1967 मध्ये राष्ट्रीय कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेणारा केनिया हा सहाराच्या दक्षिणेकडचा पहिला देश. तरी दहा वर्षांनंतर जेमतेम 7 टक्के विवाहित बायका एखादं साधन वापरत होत्या आणि बाईमागे सरासरी आठ मुलं होती. का ऐकावं त्यांनी? शेतात राबायला हात हवेत, म्हातारपणी आधार हवा, सासरी मान मुलांवर ठरतो, आणि जन्मलेली सगळी जगतील याची खात्री अजून मनात बसलेली नाही. गोऱ्यांचं राज्य नुकतंच गेलंय, आणि आता परदेशी तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून 'मुलं कमी करा' असं कानावर येतंय. संशय येणारच.

मग बदललं काय? जमिनीचे वाटे होत होत तुकडे पडले. मुलांना शिकवायचं म्हणजे फीचा भार आला. मुली शाळेत जाऊ लागल्या, दवाखाना जवळ आला. 1998 पर्यंत बाईमागे आठची सरासरी 4.7 वर उतरली, आणि त्यासाठी कुणाला धरून नसबंदीच्या टेबलावर झोपवावं लागलं नाही. आपल्याकडे 1976 मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा होता होता राहिलं. केनियाला नावं ठेवताना हे आपण सोयीस्कर विसरतो.

ही घसरण सरळ रेषेत झाली नाही. शतक बदलताना ती थबकली. 2003 च्या पाहणीत आकडा 4.9 होता. एड्सच्या लाटेत पैसा आणि लक्ष तिकडे वळलं, गर्भनिरोधकांचा पुरवठा रखडला. 2022 मध्ये मात्र सरासरी 3.4 पर्यंत आली.

या सरासरीच्या पोटात नैरोबीचा आकडा 2.5 आहे आणि सोमालियाच्या सीमेवरच्या मांडेराचा 7.7. दुष्काळ, हल्ले, शिक्षक आणि नर्स टिकत नाहीत असा तो मुलूख. तिथल्या बाईला सल्ला पुष्कळ जण देतात. मला विचाराल तर तिला आधी मुलीसाठी चालू असलेली शाळा आणि बाळंतपणाला हाकेच्या अंतरावर नर्स मिळायला हवी.