रॅम्प बांधला म्हणजे झालं का?

परवा एका लेखात वाचलं की दिव्यांग मुलं साध्या वर्गात बसवली की बाकीच्यांचा अभ्यास मागं पडतो, त्यांना वेगळी शाळाच बरी. नाही पटलं बुवा. माझ्या बहिणीचा पोरगा तासगावजवळ गावातल्याच शाळेत आहे, दोन्ही कानाला मशीन, पहिली दोन वर्षं मागच्या बाकावर बसवलेला आणि बाई फळ्याकडं तोंड करून शिकवायच्या, आता ओठच दिसत नाहीत तर त्याला काय कळणार, सगळे म्हणायचे पोरगं मंद आहे! तिसरीला नवे गुरुजी आले, त्यांनी पुढं बसवला, पोरांकडं बघून बोलायला लागले, गृहपाठ तोंडी सांगायच्या ऐवजी फळ्यावर लिहायला लागले. बास एवढंच. खर्च शून्य. आणि गंमत म्हणजे त्यामुळं बाकीच्या पोरांचाबी गृहपाठ चुकायचा बंद झाला.

विशेष शाळा बंद करा असं कोण म्हणतंय? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षण आहे, जवळच्या शाळेत नाहीतर विशेष शाळेत, निवड त्याची. शाळेनं ठरवायचं नाही ते.

रॅम्पचं म्हणाल तर आमच्याकडं दारात झक्कास रॅम्प आहे, संडासाला मात्र दोन पायऱ्या. दिव्यांग मुलांसाठी शाळाशाळांत फिरणारे विशेष शिक्षक येतात, माणूस चांगलाय, पण एकट्याकडं इतक्या शाळा की महिन्यात एखादी चक्कर झाली तरी नशीब, मग मधे मशीनचा सेल संपला की बहीणच सांगलीला पळते.