टेरी प्रॅचेट यांचा मृत्यू टीव्हीवर झाला नाही

धरमपेठ-सीताबर्डीतल्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय: ‘विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांचं आजारपणात लिहिणं थांबलं, आणि बीबीसीवर आपल्या पुस्तकांबद्दल बोलून त्यांनी कॅमेऱ्यासमोरच इच्छामरण घेतलं.’ हे दोन्ही खोटं आहे.

इच्छामरणावरच्या बीबीसीच्या २०११ च्या माहितीपटात ते स्वित्झर्लंडला गेले, हे खरं. पण निवेदक म्हणून. इच्छामरण घेतलं ते दुसऱ्या एका आजारी गृहस्थांनी. प्रॅचेट १२ मार्च २०१५ रोजी इंग्लंडमध्ये, आपल्या घरी वारले. ती आत्महत्या नव्हती, असं प्रकाशकांनी तेव्हाच सांगितलं होतं. इच्छामरणाच्या हक्काची बाजू ते उघडपणे मांडत. घोळ तिथूनच झाला असावा.

मला जास्त लागलं ते लिहिणं थांबल्याचं वाक्य. अल्झायमरचं निदान २००७ मध्ये झालं. टाइप करणं जमेना तेव्हा ते तोंडी सांगून लिहीत राहिले. २०१० च्या टीव्ही व्याख्यानाचा मजकूर त्यांचाच, फक्त वाचून दाखवला अभिनेते टोनी रॉबिन्सन यांनी. कासवाच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींवर थाळीसारखं जग (कूर्म आणि दिग्गज ऐकत वाढलेल्या आपल्याला हे किती ओळखीचं!), त्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतली त्यांची ४१वी कादंबरी तर त्यांच्या मृत्यूनंतर आली.

मजकूर पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.