जॉन न्यूटन एका रात्रीत बदलले नाहीत

चर्चच्या ग्रुपांवर फिरणारा मेसेज असा: गुलामांच्या जहाजाचे कप्तान जॉन न्यूटन वादळात सापडले, देवाचा धावा केला, त्याच रात्री धंदा सोडला आणि ‘अमेझिंग ग्रेस’ हे प्रसिद्ध ख्रिस्ती भक्तिगीत लिहिलं.

वादळ खरं, मार्च १७४८चं. पण त्या जहाजावर न्यूटन प्रवासी होते आणि जहाजात गुलाम नव्हे, मेण, हस्तिदंत असला माल होता. गुलामवाहू जहाजांचे कप्तान ते नंतर झाले, १७५० ते १७५४. समुद्र सुटला तोही आजारपणामुळे. वादळानंतर बराच काळ आपण खऱ्या अर्थाने विश्वासणारे नव्हतो, हे त्यांनी स्वतःच आत्मवृत्तात लिहिलंय. पाळक झाले १७६४ मध्ये. गीत १७७३च्या नववर्षदिनाच्या उपदेशासाठीचं.

मेसेजमध्ये जिचा पत्ताच नाही ती न्यूटन यांची गुलामव्यापारावरची १७८८ची पुस्तिका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फळीवरच्या पुस्तकांसारखी माणसं जहाजात कशी खेटून निजवत, ते त्यात आहे. ही कबुली फार उशिराची, झालेली हानी तिने भरून निघणार नाही, हेही. त्यानंतर ते गुलामव्यापाराविरुद्ध साक्षीला उभे राहिले.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. तरी ‘त्याच रात्री’वाला मजकूर कृपया पुढे पाठवू नका. उपदेशात किंवा संडे स्कूलमध्ये सांगणार असाल, तर मधली वर्षं गाळू नका.