सोळा कोर घेऊनही स्केचअप अडखळतं: तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की रायझन ९ ७९५०एक्स या सोळा कोरच्या (स्वतंत्रपणे काम करणारे सोळा भाग असलेल्या) प्रोसेसरवर एवढे पैसे घातले, तरी स्केचअप (त्रिमितीय मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर) मैत्रिणीच्या आठ कोरच्या मशीनइतकंच अडखळतं. व्ही-रे (मॉडेलचं फोटोसारखं चित्र काढणारं, म्हणजे रेंडर करणारं सॉफ्टवेअर) लावला की तापमान ९५ अंशांवर जातं, आणि बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटनंतर स्क्रीन कितीतरी वेळ काळीच होती. पहिल्या तक्रारीत चूक आमची आहे. तुम्ही प्रोसेसरचं नाव सांगितलंत आणि आम्ही कोटेशन काढून दिलं. दिवसातला किती वेळ मॉडेलिंगमध्ये जातो आणि किती रेंडरमध्ये, हे आधी विचारायला हवं होतं.

स्केचअपमध्ये मॉडेल बनवणं जवळजवळ सगळं एकाच कोरवर चालतं. घरीच बघता येईल: जड मॉडेल उघडा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूच्या (प्रोसेसरच्या) आलेखावर राइट क्लिक करून ‘चेंज ग्राफ टू’मधून लॉजिकल प्रोसेसर्स निवडा. बत्तीस चौकटी दिसतील, कारण प्रत्येक कोर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, चालवतो. काम करताना त्यातल्या एक-दोनच भरतात. कधी एक भरते, कधी दुसरी, कारण विंडोज काम इकडून तिकडे सरकवत असतं. वरचा एकूण आकडा मात्र जेमतेम ३ ते ६ टक्के असतो. तो बघून प्रोसेसर रिकामा बसलाय असं वाटतं, पण बत्तीसपैकी एक थ्रेड काठोकाठ भरला तरी एकूण ३ टक्केच दिसणार.

अशा कामाला एका कोरचा वेग महत्त्वाचा. ७९५०एक्सचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ, आठ कोरच्या ७७००एक्सचा ५.४. म्हणजे फरक सहा टक्क्यांच्या आत, हाताला न जाणवणारा. २०२२ मध्ये दोन्ही बाजारात आले तेव्हा किमती मात्र ६९९ आणि ३९९ डॉलर होत्या.

व्ही-रेचं गणित वेगळं. त्यात सीपीयू इंजिन निवडलं असेल तर सगळे कोर राबतात. आठ कोरवर ४० मिनिटं घेणारा सीन सोळावर साधारण २१-२२ मिनिटांत निघायला हवा. पण टेक्श्चर आणि मॉडेल लोड होईपर्यंतचा बराचसा भाग एकाच कोरवर जातो, तिथे वाढीव कोरांचा उपयोग नाही. समजा एका कोरला ६० मिनिटं लागणारं काम आहे आणि त्यातलं निम्मंच वाटता येतं. आठ कोरवर ते पावणेचौतीस मिनिटांत होईल, सोळावर बत्तीसच्या किंचित आत. दुप्पट कोर, बचत दोन मिनिटांपेक्षा कमी! आणि इंजिन जीपीयूवर ठेवलं असेल तर मुख्य भार ग्राफिक कार्डावर असतो. तसं असेल तर तुमचा पैसा चुकीच्या जागी गेला, हे आम्हाला मान्य करावं लागेल. कृपया सेटिंग बघून कळवा.

९५ अंशांबद्दल मात्र निश्चिंत राहा. हा प्रोसेसर पूर्ण भारावर तिथवर जाण्यासाठीच बनवलेला आहे. त्यावर १७० वॅट छापलेलं असलं तरी सॉकेटमधून २३० वॅटपर्यंत खेचतो. ९५ला पोचला की स्वतःच वेग सांभाळतो, जळत नाही. काळजी वेग ४.५ गिगाहर्ट्झच्याही खाली घसरला तर करायची. तेव्हा कूलरची पकड, त्याखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट आणि कॅबिनेटचा वारा तपासावा लागतो. इंदूरच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीत, बायोसमध्ये १०५ वॅटचा इको मोड (कमी विजेवर चालवायची सेटिंग) लावाच. सॉकेटमधून खेचायची मर्यादा २३० वरून १४२ वॅटवर येते, तापमान चांगलंच उतरतं आणि रेंडरचा वेळ थोडासाच वाढतो. ६५ वॅटचा मोड लावू नका, त्यात सोळा कोरचा फायदा बराच निघून जातो.

यूपीएसही बघून घ्या. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. रेंडर चालू असताना लाइट गेली तर प्रोसेसर, कार्ड आणि मॉनिटर मिळून यूपीएस बसू शकतो, आणि तासाभराचं काम जाईल.

काळी स्क्रीन म्हणजे बिघाड नव्हता. बायोस बदलल्यावर हे बोर्ड डीडीआर५ रॅम नव्याने जुळवून घेतात. रॅमच्या चार पट्ट्या असल्या की त्यात काही मिनिटं जातात. त्या वेळी बटण दाबून मशीन बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. हे मशीन देताना सांगायला हवं होतं, ते राहिलं. चार पट्ट्या लावणं हीसुद्धा आमचीच निवड, आणि ती बरोबर नव्हती. या प्रोसेसरला दोन पट्ट्यांवर ५२००चा वेग अधिकृत आहे, चारवर फक्त ३६००चा. १६ जीबीच्या चार काढून ३२च्या दोन आम्ही स्वखर्चाने बसवून देऊ. बोर्डावर सीपीयूपासून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा असतो.

येताना तुमचा सगळ्यात जड सीन आणा. तोच सीन आठ कोरच्या मशीनवर आणि तुमच्या मशीनवर तुमच्यासमोर चालवू. वाचलेली मिनिटं तुमच्या आठवड्यातल्या रेंडरांनी गुणा. वरच्या ४० मिनिटांच्या सीनसारखे रोज चार-पाच फायनल रेंडर निघत असतील तर दिवसाला सव्वा ते दीड तास वाचतो आणि प्रोसेसर ठेवण्यात अर्थ आहे. आठवड्याला एखादाच निघत असेल तर आम्ही तो परत घेऊन ७७००एक्स बसवू. बोर्ड तोच चालेल. उरलेले पैसे तुम्ही म्हणाल तर परत, नाहीतर ग्राफिक कार्डात वळते करू.