मीठ, मिश्री आणि गोळ्या, सगळं एकाच सोमवारी?

‘मन खंबीर तर औषध कशाला?’ या मथळ्याचा एक मेसेज सध्या लालबागपासून डोंबिवलीपर्यंतच्या सोसायटी ग्रुपांवर फिरतोय. सार असं: शुगर, बीपी आणि ‘टेन्शनचे आजार’ फक्त सवयींमुळे होतात. सवय २१ दिवसांत बदलते. तेव्हा एका सोमवारी मीठ, तंबाखू, दारू, रात्रीचं जेवण आणि डोक्याच्या (म्हणजे मानसिक आजाराच्या) गोळ्या एकदम बंद करा. डोक्याच्या गोळ्यांनी वजन आणि शुगर वाढते, म्हणून त्या आधी. पेशंटला जमत नसेल तर तो आळस, घरच्यांनी धाक दाखवावा. एक दिवस जरी चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. खाली जोडलेले हात आणि ‘११ जणांना पाठवा’.

तो आमच्या काकूंपर्यंत पोचला. वय ६२, पंधरा वर्षं लिथियम (मूड स्थिर ठेवणारी गोळी) चालू, शुगरसाठी ग्लिमेपिराइड, बीपीसाठी टेल्मिसार्टन, आणि दिवसातून चार वेळा तंबाखूची मिश्री. गोळ्या त्यांनी सोडल्या नाहीत, नशीब. मीठ मात्र सोडलं, आणि तिसऱ्या दिवशी फोनवर सहज सांगितलं, ‘अळणीच जेवतेय गं, सवय होईल.’

म्हणून सुरुवात मिठापासून. लिथियमवरच्या माणसानं मीठ अचानक तोडणं हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला आहे, आणि तो लिहिणाऱ्याला त्याचा पत्ताही नसणार. मीठ कमी पडलं की किडनी सोडियम धरून ठेवायला लागते, आणि त्याच वाटेनं लिथियमही परत रक्तात ओढून घेते. गोळी तेवढीच, रक्तातली पातळी मात्र चढते. ही पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसायला लागतात, वयस्कर माणसात त्याआधीही. म्हणजे गुण आणि विष यांच्यात अंतर बोटभर. त्यात टेल्मिसार्टननंही लिथियम वाढतं. गुडघा दुखतो म्हणून केमिस्टकडून आणलेल्या डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेननं आणखी वाढतं (दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं). वर ऑक्टोबरातला मुंबईचा घाम, नाहीतर दोन दिवसांचे जुलाब. यातलं एकेक निभावून जातं, तीन एकत्र आले की माणूस कॅज्युअल्टीत.

लक्षणं घरच्यांना ओळखता आली पाहिजेत. हात नेहमीपेक्षा जास्त थरथरतो, चहाचा कप बशीवर वाजायला लागतो. मळमळ, जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, बोलण्यात गोंधळ. असं दिसलं तर पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. ‘सोमवारी ओपीडीत दाखवू’ नाही.

पातळीची तपासणी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी करतात. रात्री ९ ला गोळी घेतली तर सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. नेहमी चुकतं ते इथेच. माणूस सवयीनं गोळी घेऊन लॅबमध्ये जातो, आकडा फुगून येतो, डोस विनाकारण कमी होतो आणि दोन महिन्यांत आजार परत डोकं वर काढतो.

बीपीला मीठ कमी हवं हे खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी म्हणते, म्हणजे सपाट चहाचा चमचाभर, तेही सगळं धरून. पण लिथियमवर असताना ते डॉक्टरांना सांगून, पायरीपायरीनं, आणि दर बदलानंतर आठवड्याभरानं पातळी तपासून. आधी पापड, मग लोणचं, मग फरसाण, सुके बोंबील. भाजी-आमटीतल्या मिठाला हात सगळ्यात शेवटी. ‘लो-सोडियम’ मीठ हा शहाणपणाचा पर्याय वाटतो, पण त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम साठवतं. किडनी थोडी जरी दमलेली असली तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते पाकीट दुकानातच राहू द्या.

रात्रीचं जेवण बंद. ग्लिमेपिराइड घेणाऱ्याला हे सांगणं म्हणजे झोपेत शुगर पाडणं. ही गोळी तुम्ही जेवलात की नाही हे बघत नाही, इन्सुलिन सोडायला लावते. शुगर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच. जेवणाच्या वेळा बदलायच्याच असतील तर गोळी आधी बदलावी लागते, आणि ती डॉक्टर बदलतात. काकूंच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. हात थरथरणं लिथियमचं असू शकतं, शुगर पडल्याचं असू शकतं आणि घाबरल्याचंही. घरचे तिन्हीला ‘टेन्शन’ म्हणतात. बोटाला सुई टोचून मोजलं की निदान एक शंका तिथल्या तिथे फिटते.

दारूचं थोडक्यात: रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम. ती सोडायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. बिडी-सिगारेट ओढणारा क्लोझॅपिन किंवा ओलान्झॅपिन या मानसिक आजाराच्या गोळ्यांवर असेल तर सोडताना मानसोपचारतज्ज्ञांना आधी सांगा. धूर थांबला की या औषधांची पातळी वाढते, डोस उतरवावा लागतो. सोडू नका असं नाही, सांगून सोडा.

आता ‘आळस’. या शब्दानं डोकं फिरतं. लिथियमनं थायरॉइड मंदावू शकतं. मग थकवा, वजन, उदासी, काही करावंसं न वाटणं, सगळं आळसासारखंच दिसतं. म्हणूनच टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीची) दर सहा महिन्यांनी करायला सांगतात. शेवटचं कधी केलं ते फाइलमध्ये बघा, धाक नंतर दाखवा.

आणि नैराश्य असेल तर? २०२० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतातलाच एक अभ्यास आला. चार मधुमेह क्लिनिकांतले ४०४ पेशंट, सगळ्यांना मधुमेह आणि नैराश्य दोन्ही. साधारण निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना त्याशिवाय एक केअर कोऑर्डिनेटर, जो डॉक्टर नव्हता, पण स्वतःची काळजी कशी घ्यायची यात साथ देत होता, आणि त्याच्या मागे केसचा आढावा घेणारे तज्ज्ञ. दोन वर्षांनी कसोटी अशी लावली: नैराश्याची लक्षणं निम्म्यावर आली पाहिजेत आणि शिवाय शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांतलं एक तरी ठरल्याइतकं सुधारलं पाहिजे. कोऑर्डिनेटर असलेल्यांत ७१.६ टक्के पास झाले, नसलेल्यांत ५७.४. मन आणि शुगर एकत्र धरल्यावर मिळालेला हा फरक आहे. गोळ्या फेकून कोणालाच काही मिळालेलं नाही.

ओरडण्याबद्दल. माणसाला ‘हे कर’ म्हणून ढकललं की तो न करण्याची कारणं शोधतो, आणि ती स्वतःच्याच तोंडून ऐकून त्याला पटत जातात. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये दारूच्या पेशंटांसाठी मांडलेली बोलण्याची पद्धत याच्या उलट जाते. करून बघा. ‘काकू, मिश्री एक वेळची कमी करणं तुम्हाला कितपत जमेल? शून्य ते दहात सांगा.’ त्या म्हणतील, ‘चार.’ आपल्या जिभेवर लगेच ‘चारच?’ येतं. ते गिळायचं. विचारायचं, ‘दोन का नाही म्हणालात?’ आता त्यांना जमण्याची कारणं द्यावी लागतात: दुपारची तशी नसली तरी चालते, हिरड्या जळतात, नातू वास येतो म्हणतो. त्यातलंच एक उचलायचं. मग ‘पाचवर यायला काय लागेल?’ आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड.

त्यातून निघेल ते एकच काम असावं, आणि रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधलेलं: दुपारी ताट उचललं की डबीऐवजी बडीशेप. सकाळची उठल्याउठल्याची मिश्री शेवटी सोडवायची, ती सगळ्यात चिवट. निकोटिन गम डॉक्टरांनी दिला तर तो पानासारखा चघळायचा नाही. चव तिखट लागली की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा. आणि आधीची १५ मिनिटं चहा नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. गम बेकार म्हणणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांचं इथेच बिनसलेलं असतं. फोनवर मदत हवी तर तंबाखूसाठी १८००-११२-३५६ आणि मनासाठी टेलिमानस १४४१६, दोन्ही फुकट.

वजनाचा मुद्दा, मनात नसताना, मान्य करावा लागतो. ओलान्झॅपिन, क्लोझॅपिननं भूक वाढते, वजन चढतं, शुगरही. लिथियमनं तहान लागते आणि ती सरबत-कोल्ड्रिंकवर भागवली की वजन तिथूनही येतं. तिथे साधं पाणी ठेवा. डॉक्टर हे हसण्यावारी नेत असतील तर भांडा: वजन, कंबर, शुगर, कोलेस्टेरॉल औषध सुरू करताना मोजलं का, तीन महिन्यांनी पुन्हा मोजलं का? औषध बदलता येतं, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी जोडता येते. स्वतः बंद केल्यावर मात्र आजार उलटतो, आणि उलटलेल्या आजारात चालणंही होत नाही आणि पथ्यही.

राहिले २१ दिवस. तो आकडा १९६० च्या एका प्लास्टिक सर्जनचा. नवं नाक आपलं वाटायला पेशंटला निदान तितके दिवस लागतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. लंडनमध्ये ९६ जणांवर प्रत्यक्ष मोजलं तेव्हा सवय अंगवळणी पडायला १८ ते २५४ दिवस निघाले, मधला आकडा ६६. एखादा दिवस हुकल्यानं फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावणं हा निव्वळ छळ. काकूंनी मंगळवारी दुपारी डबी उघडली तर बुधवारी दुपारी बडीशेप, आणि कॅलेंडरवर मंगळवारची चौकट रिकामी.