मोठ्या माणसाला शिक्षा झाल्यास पाळावयाच्या सूचना

सगळ्यात आधी आरोपीचं वय कमी करा. संजय दत्तला 1993 साली एके-56 च्या भानगडीत अटक झाली तेव्हा तो 33 वर्षांचा होता. या वयात तुमच्या-माझ्यासारख्याला दोन पोरं आणि एक गृहकर्ज असतं, पण त्याच्या बाबतीत ते पोरवय. स्फोटांच्या कटाच्या आरोपातून तो सुटला, शिक्षा फक्त शस्त्राची झाली, हा बारकावा पाठ करा. आपल्या बाजूचा आहे. मोबाईलचोर पकडला गेल्यावर मात्र बारकाव्यात शिरू नका, त्याला भर चौकात फटकेच मागायचे.

मग मेलेल्याकडे वळा. सप्टेंबर 2002 मध्ये वांद्र्याला बेकरीसमोर सलमान खानची गाडी फुटपाथवर चढली. एक मेला, चार जखमी. इथे काही भाबडे लोक मेलेल्याचं नाव विचारतात. विचारायचं ते हे, की तो फुटपाथवर झोपलाच का? 2015 च्या निकालानंतर एका गायकाने हे जाहीरपणे आणि बरंच खालच्या भाषेत म्हणून ठेवलंय, तुम्ही फक्त फॉरवर्ड करा.

त्या 6 मे रोजी सत्र न्यायालयाने 5 वर्षं सुनावली आणि त्याच दिवशी उच्च न्यायालयातून अंतरिम जामीन आला. डिसेंबरात तर निर्दोष सुटका. तेव्हा 'न्यायव्यवस्थेवरचा विश्वास उडाला' हा मेसेज दुपारी टाकलात, तरी 'विश्वास दृढ झाला' हा संध्याकाळसाठी टाइप करून ठेवावा.

पुण्याईचा हिशेबही हाताशी हवा. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दत्तची शिक्षा 6 वरून 5 वर्षांवर आणली, पण तुरुंग काही टळला नाही. तेव्हा त्याच न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी त्याला माफी द्या म्हणताना, त्याने पडद्यावरून गांधीजींची आठवण जागवली, हेही एक कारण सांगितलं होतं. तुमच्या भाच्याने बाइक कुणाला ठोकली, तर त्याने गॅदरिंगमध्ये टिळक केले होते, असं चौकीत सांगून बघा.

कुणावर तरी भडकावंसंही वाटेल. त्यासाठी नुसते श्रीमंत असतात. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोघांचा जीव गेला. 17 वर्षांच्या आरोपीला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, तेव्हा आपण सगळे पेटून उठलो होतो. योग्यच होतं. पण खरं सांगा, त्या पोराचे दोन सिनेमे येऊन गेले असते, तर निबंधाचे मुद्दे आपणच काढून दिले असते ना?

आता सुटकेचा दिवस. 25 फेब्रुवारी 2016 ला दत्त येरवड्यातून बाहेर आला, तेव्हा भेंडी बाजारातल्या एका हॉटेलाने 'चिकन संजू बाबा' फुकट देण्याचं जाहीर केलं होतं. अशा वेळी घरून डबा घेऊन जा, आणि तर्री मागून घ्या.